चित्रकथांवरील खटला : सन १९५४

श्रोतेहो, मुलांच्या हाती कोणते पुस्तक पडते आणि ते वाचून त्यांच्या मनावर काय संस्कार होतो, ही चिंता वडीलधाऱ्या माणसांस फार दिवसांपासून लागलेली आहे. आमच्या लहानपणी भूगोलाच्या पुस्तकाआड रहस्यकथा धरून वाचणारा मुलगा वर्गात सापडला, म्हणजे त्याला होणारी शिक्षा केवळ धड्याकडे दुर्लक्ष केल्याबद्दल नसे. असली पुस्तके वाचून मुलगा वाया जाईल, हे भय त्या शिक्षेच्या मुळाशी असे. त्या भयात माया होती, काही अनुभव होता, आणि थोडे अज्ञानही होते. आज जी हकीगत मी आपणांस सांगणार आहे, तीत या तिन्ही गोष्टी एका मोठ्या राष्ट्राच्या प्रमाणावर प्रकट झाल्या. ते राष्ट्र म्हणजे अमेरिकेची संयुक्त संस्थाने. ते वर्ष १९५४. आणि आरोपीच्या जागी उभी होती दहा सेंटांस मिळणारी मुलांची चित्रमासिके.

या मासिकांस तिकडे ‘कॉमिक बुक’ असे म्हणत. नाव विनोदाचे असले, तरी आतील मजकूर विनोदी असेच असे नाही. प्रारंभी वृत्तपत्रांतून येऊन गेलेल्या हास्यचित्रमालिका एकत्र करून त्यांचे अंक काढीत. १९३४ साली निघालेले ‘फेमस फनीज’ हे त्यांपैकी एक आद्य मासिक होय. पुढे १९३८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंड शहरच्या दोन तरुणांनी निर्माण केलेला ‘सुपरमॅन’ अवतरला, आणि या धंद्यास भरती आली. दुसऱ्या महायुद्धात मुलांप्रमाणेच छावणीतील सैनिकही ही मासिके वाचू लागले. युद्धानंतर दरमहा त्यांच्या कित्येक कोटी प्रती खपत.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मुलांची पुस्तके सामान्यतः थोर माणसे निवडतात, थोर माणसेच त्यांचे पैसे देतात, आणि मग ती मुलांच्या हाती येतात. ही मासिके मात्र मिठाईच्या अथवा औषधांच्या दुकानात फळीवर मांडलेली असत. मुलगा आपल्या खिशातील नाणे टाकी आणि आपल्या आवडीचा अंक उचलून चालू लागे. आईबाप, शिक्षक, ग्रंथपाल यांपैकी कोणाचीही त्यास संमती लागत नसे. अमेरिकेतील थोरांना जी अस्वस्थता वाटू लागली, तिचे निम्मे कारण मासिकांतील मजकुरात होते आणि निम्मे कारण या स्वतंत्र व्यवहारात होते, असे मला वाटते.

मजकुराबद्दलची तक्रार निराधार होती असे मात्र कोणी समजू नये. १९४२ पासून ‘क्राइम डज नॉट पे’, म्हणजे गुन्ह्यात लाभ नाही, या नावाचे मासिक निघत असे. नाव उपदेशपर, परंतु उपदेश शेवटच्या एखाद्या चित्रात आणि तोपर्यंतची सारी पाने दरोडे व खून यांनी भरलेली! त्याचा खप पाहून इतरांनी त्याचे अनुकरण केले. पुढे १९५० मध्ये ई. सी. या न्यूयॉर्कच्या संस्थेने भयकथांची तीन मासिके सुरू केली, आणि अल्पावधीत भुते, सडलेली प्रेते, तुटलेले अवयव यांची दुकानांच्या फळ्यांवर गर्दी झाली. काही अंक कुशल लेखकांनी व चित्रकारांनी मन लावून केलेले असत. पुष्कळसे केवळ ओंगळ होते. सात वर्षांच्या मुलाने ते पाहावेत असे कोणत्याही शहाण्या मनुष्यास वाटले नसते.

या मासिकांविरुद्ध पहिली मोठी आरोळी ८ मे १९४० रोजी उठली. ‘शिकागो डेली न्यूज’ या पत्रात स्टर्लिंग नॉर्थ या साहित्यसमीक्षकाने ही मासिके म्हणजे राष्ट्रास लांच्छन आहे असा लेख लिहिला. युद्ध संपल्यावर हा विरोध वाढत गेला. ऑक्टोबर १९४८ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया संस्थानातील स्पेन्सर या लहान गावी शाळेतील मुलांनी सुमारे दोन हजार अंक गोळा करून त्यांची होळी केली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्क संस्थानातील बिंगहॅम्टन येथेही तसाच प्रकार घडला. जर्मनीत नाझींनी पेटविलेल्या ग्रंथांच्या होळ्यांस तेव्हा अवघी पंधरा वर्षे लोटली होती, आणि त्या नाझींशी लढून आलेल्या लोकांच्या मुलांकडून हे काम करून घेतले जात होते. मुलांनी ते उत्साहाने केले, यात नवल नाही. होळी कोणत्या मुलास आवडत नाही?

कायद्याने ही मासिके बंद करणे मात्र सोपे नव्हते. मार्च १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विंटर्स नामक एका पुस्तकविक्रेत्याच्या दाव्यात निकाल दिला. रक्तपात व गुन्हे यांच्या कथा छापण्यास व विकण्यास बंदी करणारे न्यूयॉर्क संस्थानचे कलम फार मोघम असल्यामुळे ते राज्यघटनेस धरून नाही, असे न्यायालयाने ठरविले. यामुळे सरकारी बंदीची वाट अवघड झाली. लोकांचा राग कायम राहिला, पण त्यास शस्त्र उरले नाही. ते शस्त्र एका वैद्याने पुरविले.

डॉ. फ्रेडरिक वर्थम हे जर्मनीत जन्मलेले आणि १९२२ मध्ये अमेरिकेत आलेले मानसरोगतज्ज्ञ. त्यांचे चरित्र जाणून न घेता त्यांना केवळ एक तऱ्हेवाईक शत्रू ठरविण्याची रीत चित्रकथांच्या चाहत्यांत पडली आहे. ती न्याय्य नाही. १९४६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात, एका प्रार्थनामंदिराच्या तळघरात, त्यांनी गरीब कृष्णवर्णीयांसाठी लाफार्ग चिकित्सालय उघडले. ज्यांच्याकडे दुसरा कोणी मानसवैद्य ढुंकूनही पाहत नसे, त्यांस तेथे पंचवीस सेंटांत, आणि तेवढेही जवळ नसल्यास फुकट, उपचार मिळत. डेलावेअर संस्थानात काळ्या व गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या असत. या वेगळेपणाने मुलांच्या मनास इजा पोहोचते, अशी साक्ष वर्थम यांनी तेथील दाव्यात १९५१ मध्ये दिली होती. मुलांविषयी त्यांची कळकळ खोटी नव्हती.

चिकित्सालयात येणाऱ्या मुलांशी बोलताना त्यांना आढळले, की बहुतेक सर्व बालगुन्हेगार ही चित्रमासिके वाचतात. यावरून त्यांनी अनुमान काढले, की ही मासिके गुन्हेगारीचे एक कारण आहेत. या अनुमानातील छिद्र शाळेतील हुशार मुलगाही दाखवू शकेल. त्या काळी अमेरिकेतील जवळजवळ सर्वच मुले ही मासिके वाचीत. जी चोऱ्या करीत नसत तीही वाचीत. सगळ्या गुन्हेगार मुलांनी पावही खाल्लेला असतो, एवढ्यावरून पावास दोषी धरता येत नाही. परंतु वर्थम यांची लेखणी ओघवती होती आणि उदाहरणे अंगावर काटा आणणारी होती. नोव्हेंबर १९५३ मध्ये त्यांच्या ग्रंथातील भाग एका मोठ्या स्त्रियांच्या मासिकात आला आणि घरोघरी खळबळ उडाली. १९ एप्रिल १९५४ रोजी ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’, म्हणजे निष्पापांस लावलेला मोह, हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यानंतर दोनच दिवसांनी, २१ एप्रिल रोजी, न्यूयॉर्कच्या फोली चौकातील न्यायालयाच्या इमारतीत सिनेटच्या एका उपसमितीने चौकशी सुरू केली. बालगुन्हेगारीचा विचार करण्यासाठी ही उपसमिती आदल्या वर्षी नेमली होती. न्यू जर्सीचे रॉबर्ट हेंड्रिक्सन हे तिचे अध्यक्ष होते. टेनेसीचे एस्टेस केफॉव्हर हे तिचे सर्वांत नावाजलेले सभासद. मोठमोठ्या गुन्हेगारी टोळ्यांची चौकशी करून त्यांनी पूर्वीच कीर्ती मिळविली होती. २१ व २२ एप्रिल आणि ४ जून अशा तीन दिवशी साक्षी झाल्या.

पहिल्या दिवशी डॉ. वर्थम बोलले. आपणांस पंधरा वर्षांखालील मुलांना असली मासिके विकण्यास कायद्याने मनाई हवी आहे, प्रौढांच्या वाचनावर बंधन नको, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांची ही मागणी ऐकल्यास ती फारशी अवाजवी वाटत नाही. पण त्याच साक्षीत, मुलांची मने बिघडविण्यात या धंद्यापुढे हिटलर नवशिका ठरेल, अशा आशयाचे उद्गारही त्यांनी काढले. त्यांचे म्हणणे आणि त्यांची भाषा यांत असे अंतर होते. लोकांनी भाषा तेवढी उचलली.

त्याच दिवशी दुपारी ई. सी. संस्थेचे मालक विल्यम गेन्स साक्षीस उभे राहिले. यांची कथा मोठी मौजेची आहे. चित्रमासिकांचा धंदा उभारण्यात त्यांच्या वडिलांचा, मॅक्स गेन्स यांचा, मोठा वाटा होता. उतारवयात वडिलांनी मुलांसाठी बायबलातील कथांची चित्रमासिके काढली. ई. सी. या अक्षरांचा मूळ अर्थही ‘एज्युकेशनल कॉमिक्स’, म्हणजे शैक्षणिक चित्रकथा, असा होता. मुलाचा विचार रसायनशास्त्राचा शिक्षक होण्याचा होता आणि त्याने अध्यापनाचे शिक्षणही घेतले होते. १९४७ मध्ये नौकेच्या अपघातात वडील वारले आणि बुडत चाललेला धंदा अंगावर पडला. तो तारण्यासाठी या होऊ घातलेल्या मास्तराने भयकथा काढल्या!

इतर प्रकाशक गप्प बसले असता गेन्स आपण होऊन साक्षीस आले होते. निरोगी मनाच्या मुलाचे चित्रकथेने वाटोळे होत नाही, आणि ज्याचे मन आधीच आजारी आहे त्यास चित्रकथा काढून घेऊन बरे करता येत नाही, असे त्यांनी सांगितले. आपण काय छापतो यास मर्यादा एकच, ती म्हणजे स्वतःची सदभिरुची, असेही ते म्हणाले. यावर केफॉव्हर यांनी ‘क्राइम सस्पेन्स्टोरीज’चा २२ वा अंक वर धरला. मुखपृष्ठावर एका पुरुषाच्या एका हातात रक्ताळलेली कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात केसांना धरलेले स्त्रीचे तुटलेले मस्तक होते. हे सदभिरुचीचे आहे काय, असा प्रश्न आला. भयकथेचे मुखपृष्ठ म्हणून आहे, असे गेन्स यांनी उत्तर दिले. मस्तक आणखी वर धरून मानेतून रक्त गळताना दाखविले असते तर ते अभिरुचीस सोडून झाले असते, असे त्यांनी जोडले. दुसऱ्या दिवशी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर ही प्रश्नोत्तरे आली आणि धंद्याचे नशीब तेथेच ठरून गेले.

वकिलाच्या दृष्टीने पाहिल्यास गेन्स यांनी आपला पक्ष आपल्याच हाताने बुडविला. परंतु माझ्या मनात दुसराच प्रश्न येतो. त्या दिवशी मुखपृष्ठ सर्वांनी पाहिले; आतील कथेवर वाद झाला तो तुटक अवतरणांवरून. ई. सी.च्या अंकांत भयकथांप्रमाणेच युद्धाचे खरे भीषण रूप दाखविणाऱ्या कथा होत्या, आणि जमावाने निरपराध्यास मारल्याचा, वर्णद्वेषाचा निषेध करणाऱ्या कथाही होत्या. अशाच एका निषेधपर कथेतील, एका खलपात्राच्या तोंडी असलेला वर्णद्वेषी अपशब्द उचलून, ही संस्था मुलांना द्वेष शिकविते, असे वर्थम यांनी समितीस सांगितले होते. कथा ज्या गोष्टीचा धिक्कार करीत होती, तीच तिच्या माथी मारली गेली.

त्या वसंत ऋतूत अमेरिकेची मनःस्थिती कशी होती, हेही पाहिले पाहिजे. २२ एप्रिल रोजीच वॉशिंग्टनमध्ये सिनेटर मॅकार्थी आणि सेनादल यांच्यातील वादाची प्रसिद्ध चौकशी सुरू झाली. घरात छुपे शत्रू शिरले आहेत, या संशयाने राष्ट्र पछाडले होते. आणि १७ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदावर उभारलेल्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. या निकालात जे दावे एकत्र झाले होते, त्यांत डेलावेअरचा तो दावाही होता. म्हणजे वर्थम यांच्या आयुष्यातील सर्वांत निःशंक सत्कार्यास आणि सर्वांत वादग्रस्त कार्यास एकाच वर्षी, एका महिन्याच्या अंतराने, यश आले. मनुष्य भला असला म्हणून त्याचे प्रत्येक अनुमान खरे ठरत नाही आणि अनुमान चुकले म्हणून मनुष्य दुष्ट ठरत नाही. इतिहास वाचताना हे पदोपदी ध्यानात ठेवावे लागते.

सरकारी बंदी आली नाही. उपसमितीनेही आपल्या अहवालात तिची शिफारस केली नाही. पण दुकानदार व वितरक घाबरले. गावोगावच्या मातृमंडळांनी दुकानांवर दबाव आणला, आणि गठ्ठे न सोडताच परत येऊ लागले. १४ सप्टेंबर रोजी गेन्स यांनी आपली भयकथांची व गुन्हेकथांची मासिके बंद करीत असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात प्रकाशकांनी आपली संघटना स्थापून चार्ल्स मर्फी या न्यूयॉर्कच्या दंडाधिकाऱ्यास नियामक नेमले, आणि २६ ऑक्टोबर १९५४ रोजी आपण होऊन एक संहिता स्वीकारली. छपाईपूर्वी प्रत्येक पान नियामकाच्या कचेरीत जावयाचे आणि संमती मिळाली म्हणजे मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात एक लहान शिक्का छापावयाचा, अशी व्यवस्था झाली.

या संहितेतील काही कलमे ऐकण्यासारखी आहेत. मासिकाच्या नावात भय अथवा थरार या अर्थाचे शब्द नसावेत. पिशाच, रक्तपिपासू प्रेते, लांडगा होणारी माणसे यांची चित्रे नसावीत. प्रत्येक प्रसंगी सुष्टांचा जय आणि दुष्टांचा पराजय झालाच पाहिजे. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर उत्पन्न होईल असे काही दाखवू नये. घटस्फोट थट्टेवारी नेऊ नये. कोणत्याही धर्माची वा वंशाची टवाळी करू नये. यांपैकी शेवटचे कलम उत्तमच होते. पण अधिकारी कधी चुकत नाहीत आणि दुष्ट कधी जिंकत नाही असे जगाचे चित्र दहा-बारा वर्षांच्या मुलापुढे मांडणे, हेही एक असत्य नव्हे काय? तेवढ्या वयात मुलास शाळेच्या मैदानावरच पुष्कळ निराळे अनुभव आलेले असतात.

शिक्क्यावाचून अंक दुकानात पोहोचेना. डेल ही सर्वांत मोठी संस्था, जी डिस्नेची चित्रे छापीत असे, आणि ‘क्लासिक्स इलस्ट्रेटेड’चे प्रकाशक, हे तेवढे आपल्या नावलौकिकाच्या बळावर संघटनेबाहेर राहू शकले. इतरांपैकी कित्येक संस्था बुडाल्या. पुढील दोन-तीन वर्षांत विक्रीस येणाऱ्या मासिकांपैकी निम्म्याहून अधिक नाहीशी झाली. घरोघर दूरचित्रवाणी आली, हेही त्याचे एक कारण खरे; परंतु पुष्कळ लेखक-चित्रकारांस जो धंदा कायमचा सोडावा लागला, तो शिक्क्यामुळे. वर्थम यांसही ही संहिता मुळीच पसंत नव्हती. त्यांनी मागितली होती लहान मुलांना विकण्याची मनाई. मिळाले ते असे, की सर्वच वाचकांना लहान मूल समजण्यात आले.

याच सप्टेंबरात अटलांटिक महासागराच्या पलीकडे एक विलक्षण प्रकार घडला. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या गोर्बल्स या दाट वस्तीच्या गरीब भागात, सायंकाळी शाळा सुटल्यावर शेकडो मुले काठ्या व सुऱ्या घेऊन दफनभूमीत शिरली. लोखंडी दातांच्या एका सात फुटी पिशाचाने दोन मुलांस खाल्ले, अशी आवई उठली होती, आणि ही मुले त्याचा शोध घेत होती! पोलीस आले, हेडमास्तर आले, शेवटी पाऊस आला तेव्हा मुले घरी गेली. कोणतेही मूल हरवलेले नव्हते. वर्तमानपत्रांनी व लोकप्रतिनिधींनी लगेच अमेरिकेच्या भयकथांवर ठपका ठेवला. पण लोखंडी दातांचे पिशाच असलेला अंक कोणासही दाखविता आला नाही. पुढे शोध करता दिसून आले, की लोखंडी दातांचा पशू बायबलातील दानिएलच्या पुस्तकात आहे, आणि लोखंडी दातांची एक राक्षसीण स्कॉटलंडच्या शाळांतून शिकविल्या जाणाऱ्या एका जुन्या कवितेत आहे! तरीही त्या खळबळीने ब्रिटनमधील मागणीस जोर चढला आणि १९५५ साली तेथील पार्लमेंटाने मुलांना हानिकारक अशा प्रकाशनांविरुद्ध कायदा केला.

येथे कोणी विचारील, की मग त्या वर्षी चित्रकथांत चांगले असे काही घडलेच नाही काय? पुष्कळ घडले. फेब्रुवारी १९५४ मध्ये ब्रिटनच्या ‘बीनो’ साप्ताहिकात लिओ बॅक्सेंडेल यांनी एका द्वाड वर्गाची चित्रमालिका सुरू केली; ‘बॅश स्ट्रीट किड्स’ या नावाने पुढे ती पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली. बेल्जियमच्या हर्जे यांच्या ‘टिनटिन’ने त्याच वर्षी पुस्तकरूपाने चंद्रावर पाऊल ठेवले, म्हणजे खऱ्या मनुष्याच्या १५ वर्षे आधी. जपानात ओसामू तेझुका यांनी अमर पक्ष्याची ती दीर्घ कथा आरंभिली, जी ते आयुष्यभर लिहीत राहिले आणि जी त्यांच्या १९८९ मधील मृत्यूपर्यंत अपुरीच राहिली. अमेरिकेत ही कला पाळण्यातल्या मुलाच्या योग्यतेस आणून बसविली जात होती, त्याच वेळी जपानात ती जन्म-मृत्यूचा विचार करू लागली होती.

शिक्क्याचा सर्वांत बोलका प्रसंग मात्र पुढे घडला. गेन्स यांनी १९५३ मध्ये ‘जजमेंट डे’ नावाची एक कथा छापली होती. अल फेल्डस्टीन यांनी लिहिलेली आणि जो ऑर्लँडो यांनी चितारलेली ही कथा अशी, की यंत्रमानवांच्या एका ग्रहावर पृथ्वीचा दूत येतो. तो ग्रह पृथ्वीच्या महासंघात घेण्यास लायक आहे की नाही, हे त्यास ठरवावयाचे असते. तेथे नारिंगी यंत्रमानव आणि निळे यंत्रमानव अशा दोन जाती असतात. आतील यंत्र एकच, केवळ वरचे कवच निराळे. तरी निळ्यांची वस्ती वेगळी, काम हलके, आणि गाडीत जागा मागची. दूत त्यांस नापास करतो आणि आपल्या यानात परततो. तेथे तो शिरस्त्राण काढतो, आणि शेवटच्या चित्रात आपणांस दिसते, की तो कृष्णवर्णीय आहे.

अंकांतून हिंसा काढून टाकल्यावर गेन्स यांनी हीच कथा पुन्हा छापण्यासाठी संहितेच्या कचेरीत पाठविली. नियामक मर्फी यांनी हरकत घेतली. कथेत रक्त नव्हते, भूत नव्हते, गुन्हा नव्हता. हरकत होती ती दूत कृष्णवर्णीय असण्यास! वंशाची टवाळी करू नये असे कलम ज्या संहितेत होते, तिच्याच नावाने ही हरकत निघाली. सारा प्रकार वर्तमानपत्रांत देईन, असे गेन्स यांनी बजावले आणि १९५६ च्या प्रारंभीच्या अंकात ती कथा आहे तशी छापली. तो त्यांचा शेवटचा चित्रकथांचा अंक ठरला. यानंतर त्यांनी आपले सारे बळ ‘मॅड’ या उपहासपर मासिकावर लावले. त्याचे रूप त्यांनी १९५५ मध्येच बदलून ते संहितेच्या कक्षेबाहेर नेले होते, आणि पुढे त्यावरच त्यांनी अमाप पैसा व कीर्ती मिळविली.

या वाऱ्याची झुळूक आपल्या देशापर्यंतही आली. १९५६ साली आपल्या संसदेने ‘तरुण व्यक्ती (हानिकारक प्रकाशने) अधिनियम’ मंजूर केला. त्यातील शब्दरचना ब्रिटनच्या कायद्याशी पुष्कळ मिळतीजुळती आहे. वीस वर्षांखालील व्यक्तीच्या हाती पडल्यास तिला बिघडवील असे, गुन्हे, क्रौर्य वा किळसवाणे प्रसंग यांच्या कथांचे प्रकाशन विकण्यास त्याने शिक्षा ठेवली. मात्र प्रकाशनाचा विचार समग्रतेने करावा, असे त्या कायद्यात स्पष्ट म्हटले आहे, आणि हे मला त्यातील सर्वांत शहाणपणाचे वाक्य वाटते. नाही तर आपली काय गत झाली असती? प्रेत खांद्यावर घेऊन स्मशानातून चालणारा राजा विक्रम आणि त्या प्रेतातून बोलणारा वेताळ हे ‘चांदोबा’ मासिकातून वर्षानुवर्षे आपल्या घराघरांत आले. अमेरिकेच्या संहितेप्रमाणे वेताळास शिक्का मिळणे शक्य नव्हते. आपल्या मुलांनी मात्र त्या प्रेताची भीती न बाळगता वेताळाच्या प्रश्नाचे उत्तर शोधले.

काळाने या खटल्याचा फेरविचार केला आहे. १९७१ मध्ये सरकारच्याच आरोग्यखात्याच्या सूचनेवरून ‘स्पायडरमॅन’च्या तीन अंकांत अमली पदार्थांचे दुष्परिणाम दाखविले, तेव्हा संहितेने त्यांस शिक्का नाकारला. ते अंक शिक्क्यावाचून निघाले आणि गाजले. त्याच वर्षी संहिता सैल करावी लागली. २०११ मध्ये उरलेल्या दोन मोठ्या प्रकाशकांनीही तिचा त्याग केला आणि ती संपली. वर्थम यांचे खासगी कागद अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात २०१० मध्ये अभ्यासकांस खुले झाले. कॅरल टिली या विदुषीने ते तपासून २०१२ मध्ये दाखवून दिले, की ग्रंथातील कित्येक उदाहरणे मूळ टिपणांशी जुळत नाहीत. मुलांची विधाने कापली होती, जोडली होती. घरची मारहाण, दारिद्र्य यांसारखी दुसरी कारणे गाळली होती. सत्कार्यासाठी पुरावा थोडा वाकविला तर काय बिघडले, असे त्या सज्जनास वाटले असावे. बिघडले ते हे, की मुलांच्या दुःखाची खरी कारणे टिपणांतच राहिली आणि दोष कागदावरच्या पिशाचांवर गेला.

श्रोतेहो, शेवटी माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. नोकरीत असताना एकदा वर्ग चालू असता एका मुलाच्या बाकाखाली मला एक चित्रकथा सापडली. मुखपृष्ठावर कवटी होती. मी ती जप्त केली, कपाटात ठेवली, वर्षाच्या शेवटी परत देईन म्हणालो आणि विसरून गेलो. पुष्कळ वर्षांनी तो मुलगा, आता संसारी गृहस्थ, वाटेत भेटला. नमस्कार करून हसत म्हणाला, “सर, ते पुस्तक तुम्ही वाचलंत का हो? त्याचा शेवट काय झाला ते मला अजून कळलं नाही.” मी वाचले नव्हते. कवटी पाहिली होती, तेवढीच.

वाईट पुस्तक नसतेच, असे मी म्हणणार नाही. इतकी वर्षे शाळेत काढल्यावर तसे म्हणवत नाही. काही पुस्तके मुलांपासून दूरच ठेवावी लागतात, आणि आता तर पुस्तकांहून कितीतरी प्रबळ वस्तू मुलांच्या तळहातावर येऊन बसल्या आहेत. आजचे आईबापही १९५४ च्या आईबापांइतकेच धास्तावलेले आहेत, आणि त्यांची धास्ती मला समजते. पण शिक्का मारणारा कोणी तरी दूरच्या कचेरीत बसलेला असला, म्हणजे आपले काम झाले असे समजू नये. मुलाच्या शेजारी बसून, तो काय वाचतो ते एकदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे. मग ते हातातून काढून घ्यावयाचे की परत द्यावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार आपणांस येतो. माझ्या त्या विद्यार्थ्यास त्याच्या कथेचा शेवट मी अजूनही सांगू शकलेलो नाही.